जिल्ह्याला रंग देण्याआधी

कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, भारतातल्या प्रत्येक जिल्ह्याला एक रंग होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३० एप्रिलला राज्यांना कळवलेल्या यादीत १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे होते. महाराष्ट्राच्या वाट्याला १४ लाल, १६ नारिंगी आणि ६ हिरवे जिल्हे आले. लाल जिल्ह्यात सलून बंद, रिक्षा बंद. हिरव्या जिल्ह्यात बरेचसे व्यवहार सुरू. रुग्णांची संख्या, ती दुप्पट व्हायला लागणारे दिवस, चाचण्यांचे प्रमाण आणि सर्वेक्षणातून हाती आलेली माहिती यांवरून हे रंग ठरले होते. एरवी नकाशाकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे त्या दिवसांत मोबाइलवर आपला जिल्हा शोधत होती, शेजारच्या जिल्ह्याचा रंग पाहत होती. पुणे जिल्हा लाल होता. म्हणजे रुग्णांनी भरलेली भवानी पेठ लाल आणि वेल्ह्याच्या डोंगरातली वाडीही लाल. महापालिकेची हद्द आणि उरलेला जिल्हा यांचा वेगळा विचार करण्याची सोय नियमावलीत होती. नकाशात मात्र सगळा जिल्हा एकाच रंगाने भरलेला होता.

आकड्यांवरून प्रदेशाला रंग देणे हे काम किती गंभीर असू शकते, हे त्या काही आठवड्यांनी दाखवून दिले. एकेकाळी हे काम सरकारी नकाशाकार, विद्यापीठांतले भूगोल विभाग आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेसारख्या मोजक्या कार्यालयांपुरते होते. आता ते कुणालाही जमते. पत्रकार, शिक्षक, पाणलोटाचे काम करणारे कार्यकर्ते, पीएच.डी.चे विद्यार्थी, निवडणुकीचे विश्लेषक असे सगळेच नकाशे रंगवू लागले आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण सोय वाढली तशी एक अडचणही वाढली. रंग भरण्याआधी जे निर्णय नकाशाकार विचार करून घेत असे, त्यांतले बरेचसे आता सॉफ्टवेअर न विचारताच घेऊन टाकते. ते निर्णय कोणते आणि त्यांच्यामुळे नकाशा किती बदलतो, हे उलगडण्यासाठी ही प्रस्तावना आहे. कोणते बटण कुठे आहे याची माहिती पुढच्या प्रकरणांत येईलच.

आधी यंत्राच्या आत काय घडते ते पाहू. व्हेक्टर नकाशात जिल्हा हे चित्र नसते. त्याच्या सीमेवरून क्रमाने टिपलेले शेकडो-हजारो बिंदू आणि त्या आकृतीला जोडलेली तक्त्यातली एक ओळ, एवढाच तो असतो. त्या ओळीत जिल्ह्याचे नाव, संकेतांक, लोकसंख्या, साक्षरता, पाऊस, जे काही भरले असेल ते असते. फाइल पहिल्यांदा उघडली की सगळे जिल्हे एकाच रंगात दिसतात. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘लेअर प्रॉपर्टीज’मधल्या ‘सिम्बॉलॉजी’त जाऊन ‘सिंगल सिम्बॉल’च्या जागी ‘ग्रॅज्युएटेड’ निवडायचे, ‘व्हॅल्यू’मध्ये आकड्यांचा रकाना सांगायचा, रंगांची पट्टी निवडायची आणि ‘क्लासिफाय’ दाबायचे. सॉफ्टवेअर त्या रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा शोधते, मधल्या अंतराचे गट पाडते आणि प्रत्येक आकृतीचा आकडा ज्या गटात बसतो त्या गटाचा रंग तिला देते. एवढेच. गट किती आणि कुठे तोडायचे, हा सगळा प्रश्न याच दोन-तीन सेकंदांत निकालात निघालेला असतो.

क्यूजीआयएसचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभरातले स्वयंसेवक चालवतात. ते फुकट आहे, त्याची आज्ञावली खुली आहे आणि साध्या लॅपटॉपवर ते चालते. महागड्या परवान्याअभावी नकाशाशास्त्रापासून दूर राहिलेल्या छोट्या गावातल्या महाविद्यालयालाही त्याने दार उघडून दिले. मात्र पुढे जे सांगितले आहे ते इतर कुठल्याही नकाशा-सॉफ्टवेअरला तितकेच लागू आहे.

आकड्यांवरून प्रदेश रंगवण्याचा हा प्रकार संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १८२६ मध्ये शार्ल द्यूपँ या फ्रेंच गणितज्ञ-अभियंत्याने फ्रान्सच्या प्रत्येक विभागात किती रहिवाशांमागे एक मुलगा शाळेत जातो याचा हिशेब केला आणि शिक्षण जितके कमी तितकी काळी छटा, असा नकाशा काढला. उत्तर फ्रान्स उजळ, दक्षिण फ्रान्स काळोखा. सँ-मालो ते जिनिव्हा अशी एक तिरपी रेषा ओढली तर देशाचे दोन तुकडे पडतात, हे आकड्यांच्या तक्त्यात कुणाला दिसले नव्हते. नकाशात ते लपवता येईना. त्यावर वाद झाले, आणि तीनच वर्षांत गेरी आणि बाल्बी यांनी गुन्हेगारी आणि शिक्षणाचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून तो वाद पुढे नेला. सामाजिक आकडेवारीचा नकाशा जन्मापासूनच सार्वजनिक चर्चेतला पुरावा म्हणून वापरला गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अशा नकाशाला ‘कोरोप्लेथ’ हे नाव मिळाले ते बऱ्याच उशिरा, १९३८ मध्ये, जॉन कर्टलंड राइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाकडून.

आता आपल्या राज्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार लोकसंख्येची घनता घ्यावी. तेव्हा जिल्हे ३५ होते. सर्वांत विरळ गडचिरोली, चौरस किलोमीटरला ७४ माणसे. सर्वांत दाट मुंबई उपनगर, २०,९८०. त्याच्या खालोखाल मुंबई शहर, १९,६५२. तिसरा नंबर ठाण्याचा, १,१५७. त्यानंतर पुणे ६०३, कोल्हापूर ५०४, नागपूर ४७०, नाशिक ३९३, आणि मग उरलेले सगळे ३६८ च्या आत.

हा रकाना ‘ग्रॅज्युएटेड’ला दिला आणि समान अंतराचे पाच गट मागितले, तर प्रत्येक गट सुमारे ४,१८१ चा होतो. पहिला गट ७४ पासून ४,२५५ पर्यंत. त्यात ३३ जिल्हे जातात. पुढचे तीन गट रिकामे. पाचव्यात मुंबईचे दोन जिल्हे. म्हणजे सगळा महाराष्ट्र फिकट आणि डाव्या कडेला एक गडद ठिपका. एक कोटी दहा लाख वस्तीचा तेव्हाचा ठाणे जिल्हा आणि गडचिरोलीचे जंगल एकाच छटेत. नकाशात चूक एकही नाही, तरी तो काहीच सांगत नाही.

दुसरी पद्धत समान संख्येची: प्रत्येक गटात सात-सात जिल्हे. आता नकाशा एकदम बोलका होतो, पाचही छटा राज्यभर पसरतात. पण नीट पाहावे. तेव्हाचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, २६६ वर आहे आणि बुलढाणा २६८ वर. दोन माणसांच्या फरकाने ते वेगवेगळ्या छटांत गेले, कारण चौदावा आणि पंधरावा क्रमांक यांच्यामध्येच रेघ पडली. ३५ गुणांना पास आणि ३४ ला नापास, तसा हा प्रकार. उलट वरच्या टोकाला नाशिक ३९३ आणि मुंबई उपनगर २०,९८० हे एकाच सर्वांत गडद गटात बसले. पन्नास पटींहून मोठा फरक एका रंगाखाली झाकला गेला.

तिसरी पद्धत जॉर्ज जेन्क्स यांच्या नावाने ओळखली जाते. कॅन्सस विद्यापीठातल्या या नकाशाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये असा विचार मांडला की गटातले आकडे एकमेकांच्या शक्य तितके जवळ असावेत आणि गट एकमेकांपासून शक्य तितके दूर. सीमा आकड्यांमध्ये मुळात पडलेल्या खिंडीत असावी. विचार सुंदर आहे, आणि बहुतेक वेळा ही पद्धत समंजस नकाशा देते. आपल्या उदाहरणात मात्र ती मुंबई शहराला एक गट, उपनगराला एक गट आणि ठाण्याला एक गट देऊन टाकते, कारण सगळ्यात मोठ्या खिंडी तिथेच आहेत. बाकीच्या ३२ जिल्ह्यांच्या नशिबी दोनच छटा उरतात. दहाच्या पटीने वाढणारी मोजपट्टी लावली तर गडचिरोली एकटा शंभराच्या आत, ३१ जिल्हे शंभर ते हजार या एकाच गटात, ठाणे हजाराच्या वर, आणि दहा हजारांच्या पलीकडे मुंबईचे दोन.

मग करावे काय? इथे हाताने गट पाडणे बरे. दोनशेच्या आत चार जिल्हे: गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर आणि रत्नागिरी. दोनशे ते तीनशेमध्ये सतरा. तीनशे ते चारशेमध्ये आठ. चारशे ते हजारमध्ये नागपूर, कोल्हापूर, पुणे. हजाराच्या वर ठाणे आणि मुंबईचे दोन. आता जंगल आणि कोकणचा डोंगराळ पट्टा वेगळा दिसतो, पठारावरचा कोरडवाहू महाराष्ट्र वेगळा दिसतो, शहरांच्या भोवतीची दाटी वेगळी दिसते. शिवाय दोनशे, तीनशे, चारशे हे आकडे वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात, २३३.४ राहत नाही. ही विभागणी एकमेव बरोबर आहे असा दावा नाही. ती कुणीतरी विचार करून केली आहे आणि विचारल्यास तिची कारणे सांगता येतात, हा तिचा गुण. त्यासाठी ‘सिम्बॉलॉजी’तच आकड्यांचा स्तंभालेख पाहण्याची सोय आहे. रंगांच्या मोहात पडण्याआधी तो पाहावा, हा या प्रस्तावनेतला सर्वांत आग्रहाचा सल्ला.

समान अंतराची पद्धत वाईट आहे असाही अर्थ यातून काढू नये. त्याच जनगणनेतली साक्षरता घेतली तर नंदुरबार ६४.३८ टक्क्यांवर आणि मुंबई उपनगर ८९.९१ वर आहे, आणि बाकीचे जिल्हे त्यांच्यामध्ये बऱ्यापैकी पसरलेले आहेत. तिथे समान अंतराचे पाच गट नंदुरबारला एकटे पाडतात, त्याच्या वर जालना, धुळे, परभणी आणि गडचिरोलीला ठेवतात, आणि जे दिसायला हवे ते नेमके दिसते. पद्धत आकड्यांच्या स्वभावावर ठरते.

घनतेचेच उदाहरण का घेतले, नुसती लोकसंख्या का नाही, याचेही कारण आहे. रंग पसरतो तो क्षेत्रफळावर. डोळा गडद रंगाचा मोठा तुकडा पाहतो आणि तिथे जास्त काहीतरी आहे असे धरून चालतो. नुसत्या लोकसंख्येने रंगवलेल्या नकाशात राज्यातला सर्वांत विस्तीर्ण अहिल्यानगर जिल्हा ठळक होतो. त्यात ४५ लाख लोक आहेत ते मुख्यतः जिल्हा मोठा आहे म्हणून. म्हणून मोजलेली संख्या तशीच रंगवू नये. तिला क्षेत्रफळाने, लोकसंख्येने किंवा कुटुंबांच्या संख्येने भागावे आणि मग रंगवावी. टँकरची संख्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, डेंग्यूचे रुग्ण, शाळांची संख्या या सगळ्यांना हा नियम लागू आहे, आणि वर्तमानपत्रांत तो सर्वांत जास्त मोडला जातो. संख्याच दाखवायची असेल तर जिल्ह्यावर लहान-मोठी वर्तुळे काढण्याचा चांगला मार्ग आहे. भागाकारासाठी वेगळा रकाना करण्याचीही गरज नाही. ‘व्हॅल्यू’च्या चौकटीत लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ असे सूत्रच लिहिता येते. फक्त क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आले आहे की अंशांमध्ये, हे तपासायला हवे. अक्षांश-रेखांशांच्या अंशांत मोजलेल्या क्षेत्रफळाला काहीच अर्थ नसतो.

भागाकार करूनही क्षेत्रफळाचा ठसा पुसला जात नाही. राज्याचा नकाशा छापून वीस सेंटिमीटर रुंद झाला, तर त्यात गडचिरोलीला सुमारे नऊ चौरस सेंटिमीटर जागा मिळते आणि मुंबई शहर जेमतेम तीन मिलिमीटर लांबी-रुंदीच्या ठिपक्यात संपते. गडचिरोलीत १० लाख ७३ हजार माणसे, मुंबई शहरात ३० लाख ८५ हजार. निवडणुकीच्या निकालाच्या नकाशात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे मतदार मोजायचे असतात आणि डोळा जमीन मोजतो. मुंबईसाठी नकाशाच्या कोपऱ्यात मोठी केलेली वेगळी चौकट देणे हा त्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे.

रंग भरायच्या आधीचा सर्वांत कंटाळवाणा टप्पा म्हणजे आकडे आणि आकृत्या जुळवणे. बहुतेक नवशिके इथेच हरतात, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. सीमांची फाइल एका ठिकाणाहून येते, आकड्यांचा तक्ता दुसऱ्या ठिकाणाहून. दोन्हींत जिल्ह्याचे नाव आहे, मग नावावरून जोडू, असे कुणालाही वाटते. पण इंग्रजी तक्त्यांत बीड, रायगड, गोंदिया, बुलढाणा या प्रत्येकाची किमान दोन स्पेलिंगे चालतात. भर म्हणून २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. माणसाला जे सहज कळते ते जोडणी करणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्याच्या लेखी एक अक्षर वेगळे म्हणजे जिल्हा वेगळा. म्हणून जोडणी संकेतांकावर करावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या जिल्ह्यांना नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. नावे कितीही बदलली तरी ते क्रमांक त्या जनगणनेपुरते पक्के राहतात.

जोडणी झाली तरी रकाना ‘व्हॅल्यू’च्या यादीत दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. कारण बहुतेक वेळा स्वल्पविराम असतो. तक्त्यात १०,७२,९४२ असे लिहिले की संगणक त्याला आकडा न मानता मजकूर मानतो, आणि मजकुराची चढती भाजणी लावून छटा देता येत नाहीत. स्वल्पविराम काढून टाकावेत किंवा ‘फील्ड कॅल्क्युलेटर’मध्ये मजकुराचा आकडा करून घ्यावा. जुन्या शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव दहा अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे लांब नावे कापली जातात; देवनागरी मजकुराचे एन्कोडिंग युनिकोड नसेल तर प्रश्नचिन्हे उमटतात. जिओपॅकेजमध्ये साठवले तर हे दोन्ही त्रास वाचतात.

आणि एक जिल्हा नकाशातून गायबच झाला तर? पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आजच्या ३६ जिल्ह्यांच्या सीमांवर २०११ चे ३५ जिल्ह्यांचे आकडे टाकले की पालघरच्या ओळीत काहीच येत नाही, आणि ‘ग्रॅज्युएटेड’मध्ये ज्या आकृतीला आकडा नाही ती रंगवलीच जात नाही. किनाऱ्यावर एक भोक दिसते. काही जण घाईत तिथे शून्य भरतात. हे करू नये. शून्य म्हणजे मोजले आणि काही आढळले नाही. रिकामे म्हणजे मोजलेलेच नाही. रिकाम्या जिल्ह्यासाठी खाली आणखी एक थर राखाडी रंगात ठेवावा आणि सूचीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहावे.

पालघरची गोष्ट इथेच संपत नाही. २०११ चा ठाणे जिल्हा ९,५५८ चौरस किलोमीटरचा होता. त्यात कल्याण-डोंबिवलीही होते आणि जव्हार-मोखाड्याचे आदिवासी तालुकेही. दोन्हींची मिळून घनता १,१५७. आता तीच माणसे, तीच घरे, तीच जनगणना नव्या सीमेने विभागली तर पालघरची घनता ५६० येते आणि उरलेल्या ठाण्याची १,९१५. मोखाड्यातल्या पाड्यावर एकही माणूस वाढला किंवा घटला नाही, तरी त्याच्या जमिनीचा रंग बदलला, केवळ रेघ हलली म्हणून. तालुक्याच्या पातळीवर उतरले तर तो पुन्हा बदलेल, गावाच्या पातळीवर पुन्हा. जिल्ह्याचा रंग हा जिल्ह्याच्या सरासरीचा रंग असतो. तो कुठल्याही एका गावाला किंवा माणसाला चिकटवता येत नाही. भूगोलतज्ज्ञ स्टॅन ओपनशॉ यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास केला, पण महाराष्ट्रात तो समजून घ्यायला ठाणे-पालघर पुरेसे आहे. सरासरीचा हा दोष कमी करण्याची एक रीतही आहे: ‘कोरोप्लेथ’ हे नाव देणाऱ्या राइट यांनी १९३६ मध्येच अमेरिकेतल्या केप कॉडचा नकाशा काढताना जिथे वस्ती नाही ती जमीन आधी वगळली आणि उरलेल्या जमिनीवर घनता काढली. मुंबई उपनगर आणि ठाणे यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे. राइट यांची रीत वापरली तर ते बाजूला ठेवून मुंबईकर प्रत्यक्षात किती दाटीत राहतो हे दाखवता येईल.

रंगांविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. कमी-जास्त दाखवायचे असेल तर एकाच रंगाची फिकट ते गडद पट्टी लागते. इंद्रधनुष्याचे सात रंग टाकले की नकाशा आकर्षक दिसतो, पण पिवळा हिरव्यापेक्षा जास्त की कमी हे डोळ्याला सांगता येत नाही, दर वेळी सूचीकडे वळावे लागते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रूअर यांनी मार्क हॅरोअर यांच्यासोबत तयार केलेल्या ‘कलरब्रूअर’ पट्ट्या क्यूजीआयएसमध्ये तयारच मिळतात. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांना कोणती पट्टी वाचता येईल, कोणती झेरॉक्सवर टिकेल, याचा विचार त्यांच्या मांडणीतच केलेला आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणारा नकाशा बहुधा काळ्या-पांढऱ्या प्रतीतच पोचतो, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नये. महाराष्ट्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. भगवा, हिरवा, निळा हे रंग इथे समाजाचे आणि पक्षांचे रंग आहेत. साक्षरतेचा नकाशा भगव्या किंवा निळ्या छटांत काढला तर वाचणारा आधी भलताच अर्थ लावू शकतो.

कधी कधी आकड्यांना मधला बिंदू असतो, आणि तिथे दोन बाजूंना दोन रंग हवेत. लिंगगुणोत्तर हे त्याचे उत्तम उदाहरण. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, याचा मध्य हजारावर ठेवला तर २०११ च्या महाराष्ट्रात दोनच जिल्हे दुसऱ्या रंगात जातात: रत्नागिरी ११२२ आणि सिंधुदुर्ग १०३६. बाकी सगळा महाराष्ट्र एका बाजूला, आणि त्याच्या टोकाला ८३२ वर मुंबई शहर. कोकणातल्या घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरीसाठी गेले, ते या दोन टोकांमध्ये उमटले आहे. मध्य बदलून राज्याच्या सरासरीवर, ९२९ वर, आणला तर बहुतेक जिल्हे वरच्या रंगात जातात आणि राज्याचे बरे चालले आहे असे वाटू लागते. आकडे तेच असतात; एक संख्या बदलल्याने नकाशा उलटे बोलू लागतो. शिवाय रत्नागिरीचा गडद रंग पाहून तिथे मुलींची स्थिती उत्तम आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये, कारण तो रंग मुख्यतः स्थलांतराचा आहे. मुलींविषयी बोलायचे तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे गुणोत्तर वेगळे काढावे लागते, आणि त्या नकाशात ८०७ वरचा बीड सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत, असे या पुस्तिकेत आवर्जून सुचवले आहे.

सूचीचीही थोडी काळजी घ्यावी. ‘२००–३००, ३००–४००’ असे लिहिले तर नेमका ३०० कुठे गेला हे कळत नाही. आकड्यांच्या मागे दशांशांची रांग ठेवू नये. पाच-सहा गटांच्या पुढे छटा ओळखता येत नाहीत. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७३ मध्येच विचारले होते की यंत्र प्रत्येक आकड्याला स्वतंत्र छटा देऊ शकत असेल तर गट हवेतच कशाला. प्रश्न रास्त होता, आणि पडद्यावर बोट ठेवताच आकडा सांगणाऱ्या नकाशांत त्याला आज चांगले उत्तर आहे. कागदावर मात्र गटच वाचायला सोपे पडतात.

हे सगळे आत्ता सांगण्याला निमित्त आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे बाहेर पडू लागले की सोळा वर्षांत काय बदलले हे दाखवणारे नकाशे सगळीकडून येतील: सरकारी, पक्षांचे, संस्थांचे, वर्तमानपत्रांचे. त्यांतले काही निधी कुठे जाईल हे ठरवतील, काही भांडणे लावतील. ते वाचणाऱ्यांची संख्या काढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असेल, आणि ही पुस्तिका त्यांच्यासाठीही आहे.

वाचकांना विनंती एवढीच की पुढची प्रकरणे संगणक सुरू ठेवून वाचावीत. २०११ चा जिल्हावार तक्ता आणि सीमांची फाइल घ्यावी, घनतेचा नकाशा वर सांगितलेल्या प्रत्येक पद्धतीने एकदा काढावा आणि सगळे छापून समोर ठेवावेत. आणि स्वतःचा नकाशा कुणाला देण्याआधी त्याच्या खाली चार गोष्टी लिहाव्यात: आकडे कुठले, कोणत्या वर्षाचे, कशाने भागले आणि गट कोणत्या पद्धतीने पाडले.